मराठी नावांची यादी अकारविल्हे कशी लावायची?

संगणकावर यादी लावायची म्हटली की हात आपसूक ‘सॉर्ट’च्या बटणाकडे जातो. इंग्रजीत ते एक बटण पुरतं. मराठीत मात्र त्या एका शब्दाच्या पोटात बरीच वेगवेगळी कामं दडलेली आहेत. तांदूळ आपण निवडतो. कांद्याची, कापसाची प्रतवारी करतो. परीक्षेच्या निकालाची गुणवत्तेप्रमाणे क्रमवारी लावतो, टपालाची गावनिहाय वर्गवारी करतो, कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी काढतो आणि सभासदांची नावं अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने, लावतो. ‘ही यादी जरा लावून दे’ असं कोणी म्हटलं, तर यातलं नेमकं काय हवंय ते आधी विचारून घ्यावं. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

दर वेळी अकारविल्हेच लागते असंही नाही. मतदारयादी घरक्रमानं असते, कारण ती घेऊन माणसं दारोदार फिरतात. लग्नाच्या पत्रिका वाटायची यादी गावनिहाय नसेल तर ती निरुपयोगीच. यादीत कोण, काय आणि कुठे उभं राहून शोधणार आहे, त्यावर क्रम ठरतो. शोधणाऱ्याला नाव ठाऊक आहे आणि बाकी काहीच ठाऊक नाही, अशा वेळी अकारविल्हे यादीला पर्याय नाही. गृहनिर्माण संस्थेचे सभासद, वाचनालयाचे वर्गणीदार, स्मरणिकेतले देणगीदार, पुस्तकामागची नामसूची ही त्याची नेहमीची उदाहरणं. पुढचं सगळं या एका प्रकाराबद्दल आहे. मराठीत तो सर्वांत सोपा समजला जातो आणि सर्वांत जास्त चुका त्यातच होतात.

बटण दाबण्याआधी

पहिलं काम म्हणजे मूळ यादीची प्रत काढून ठेवणं. दुसरं काम, यादीच्या डावीकडे एक नवा स्तंभ घालून त्यात १, २, ३ असे मूळ क्रमांक भरणं. यादी कितीही विस्कटली तरी या स्तंभावर पुन्हा लावली की सगळं मूळ जागी परत येतं. ‘अनडू’वर विसंबू नये. फाइल बंद करून उघडली की तो गेला.

एक्सेलमध्ये फक्त नावांचा स्तंभ निवडून सॉर्ट केलं, तर निवड वाढवायची की आहे तेवढीच ठेवायची, असं तो विचारतो. निवड वाढवायचीच. तसं केलं नाही तर नावं हलतात आणि फोन नंबर, पत्ते, थकबाकी जागच्या जागी राहतात. मग जोशींची थकबाकी देशमुखांच्या नावावर लागते आणि सर्वसाधारण सभेत त्याचा निकाल लागतो.

यादी जुनी असेल तर ती कोणत्या टंकात आहे ते बघा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट बदलून पाहिला की मराठीच्या जागी इंग्रजी खिचडी दिसते, त्यावरून ओळखता येतं. अशी यादी लावली तर क्रम त्या रोमन चिन्हांचा लागतो. आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला तक्त्यात ठरावीक क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर नावं डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार यांत हमखास काहीतरी बिघडलेलं असतं.

नाव कसं लिहायचं ते ठरवा

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मग आडनाव असा क्रम. यादीत आडनाव आधी हवं. ते वेगळ्याच स्तंभात असेल तर उत्तम. श्री., सौ., डॉ., ॲड., कै. या उपाध्या क्रमात मोजायच्या नाहीत. त्यांना स्वतःचा स्तंभ द्या, नाहीतर सगळे डॉक्टर ‘ड’मध्ये एकत्र बसतात. आद्याक्षरांपुढचा पूर्णविराम आणि मोकळी जागा सगळीकडे सारखी ठेवा. ‘वि.वा.’ आणि ‘वि. वा.’ ही संगणकाला दोन वेगळी नावं आहेत. नावाआधी चुकून पडलेली एक मोकळी जागा त्या माणसाला थेट यादीच्या माथ्यावर नेऊन बसवते.

एकाच आडनावाच्या दोन लेखनपद्धती ही आपली खास अडचण. कुलकर्णी आणि कुळकर्णी दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. परस्पर ‘दुरुस्ती’ करू नये. माणूस जसं लिहितो तसंच ठेवावं आणि दुसऱ्या जागी ‘कुळकर्णी – कुलकर्णी हेही पाहा’ अशी ओळ द्यावी. टोपणनावांनाही हेच लागू. ग्रंथालयाच्या यादीत ‘कुसुमाग्रज’ शोधणारे आणि ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ शोधणारे असे दोन्ही वाचक येतात. नोंद एकीकडे पूर्ण द्यावी, दुसरीकडे नुसता निर्देश. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव वापरणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर अशी ओळ सक्तीचीच म्हणा.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका, ती म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा मोजायची की नाही. मोजली तर ‘राम वामन’ आधी आणि ‘रामचंद्र’ नंतर येतो. मोजली नाही तर रामचंद्र पुढे जातो, कारण च हा व च्या आधी. माणसांच्या नावांना पहिली पद्धत सोयीची. ‘कदम’ आधी, ‘कदमबांडे’ नंतर, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. जिथे नाव संपतं तो पुढे.

वर्णक्रमातल्या अडचणीच्या जागा

अ ते औ, मग क ते ह, एवढं सगळ्यांना पाठ असतं. गाडी अडते ती ळ, क्ष, ज्ञ, ॲ, ऋ, अनुस्वार आणि जोडाक्षरं या ठिकाणी.

आधी जोडाक्षरं आणि काना-मात्रा. नियम असा की एका व्यंजनाची सगळी बाराखडी संपली की मग त्याची जोडाक्षरं. म्हणजे क, का, कि … कौ झालं की क्र, क्ल, क्व. इथे डोळा फसवतो. ‘कर्म’मधला रफार म च्या डोक्यावर दिसतो, म्हणून लोक तो शब्द ‘कम’च्या आसपास टाकतात. उच्चार क-र्-म असा आहे, त्यामुळे तो ‘कर’च्या घरातला. ‘कि’ची वेलांटी डावीकडे काढतात, पण मोजायची क नंतरच. ‘हृदय’मध्ये ऋकार आहे, म्हणून तो ‘हे’च्या आधी येतो. ‘ह्रस्व’ जोडाक्षर आहे, म्हणून तो ‘हौ’च्याही नंतर. ऋतुजा, ऋषिकेश ही ऊ नंतर आणि ए च्या आधी येतात, र मध्ये नाही. त्र्यंबक त मध्ये, श्रीधर श मध्ये. हिंदीत क्ष, त्र, ज्ञ अशी शेवटी घोकंपट्टी चालते, त्यामुळे काही जण त्र ला शेवटी नेतात. मराठी यादीत तसं करण्याचं कारण नाही.

अनुस्वाराबाबत तीन पद्धती वापरात आहेत. एक, अनुस्वार असलेलं अक्षर सगळ्यांत आधी: कं, मग क. दुसरी, बाराखडीच्या क्रमाने कौ नंतर कं. तिसरी, अनुस्वाराला पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक समजायचं, म्हणजे ‘कंदील’ हा ‘कन्दील’ धरून न च्या जागी. पहिल्या दोन पद्धतींतला फरक प्रत्यक्षात असा पडतो:

अनुस्वार आधी: कंदील, कमळ, कर, करंजी, करवत, करार, कर्म, काम, कृती, कौल, क्रम.

अनुस्वार औ नंतर: कमळ, कर, करवत, करार, करंजी, कर्म, काम, कृती, कौल, कंदील, क्रम.

शब्द तेच अकरा, पण कंदील एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. कोशाकोशांत पद्धत बदलते, म्हणून एका कोशाची सवय असलेला माणूस दुसऱ्यात चाचपडतो. घरगुती किंवा संस्थेच्या यादीसाठी माझं मत पहिल्या पद्धतीला आहे. वाचणाऱ्याला ती एका वाक्यात सांगता येते आणि युनिकोडच्या तक्त्यातही अनुस्वार सगळ्या अक्षरांच्या आधीच आहे. तिसरी पद्धत विद्वत्तेची खरी, पण शिपाईदादापासून सचिवांपर्यंत सगळ्यांनी वापरायच्या यादीत ती नको. जुन्या पुस्तकांची किंवा दस्तऐवजांची यादी असेल तर ‘नांव’, ‘कांही’ असे उच्चार नसलेले अनुस्वारही भेटतील. १९६२च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. ते छापताना ठेवा, क्रमात मोजू नका.

ळ ची गोष्ट वेगळी. शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असं म्हणतो. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात मात्र ळ बसलाय ल आणि व यांच्यामध्ये. त्याचं कारण असं की हा तक्ता १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेला आहे. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच साच्यात समांतर बसवली होती. मराठीचा स्वतःचा क्रम त्यात गेला. परिणाम असा की नुसत्या कोडक्रमाने, म्हणजे तक्त्यातल्या क्रमांकांप्रमाणे, लावलेल्या यादीत साठे, साने, सामंत, साळवी, सावंत असा क्रम लागतो. मराठी क्रमाने सावंत आधी हवेत आणि साळवी नंतर. तसंच गोरे, गोवारीकर, गोळे हा क्रम बरोबर, पण यंत्र गोळ्यांना गोवारीकरांच्या आधी आणून बसवतं. आपल्या आडनावांत ळ इतका सर्रास आहे की दर पानावर हा घोळ दिसतो.

क्ष आणि ज्ञ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र घर नाहीच. क + ष आणि ज + ञ अशी ती जोडाक्षरं म्हणून साठवली जातात. म्हणून क्षीरसागर क मध्ये जातात आणि ज्ञानेश्वर ज मध्ये. हिंदी कोशांत ती तशीच असतात, त्यामुळे हे चूक म्हणता येत नाही. पण मराठी वाचक क्षीरसागर शोधायला यादीचं शेवटचं पान उघडतो. त्याच्या सवयीचा मान ठेवावा असं माझं मत.

राहिला ॲ. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली. युनिकोडमध्ये ॲ हे अक्षर २००८ साली आलं. तोवर तक्त्यातल्या स्वरांच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून ते पार मागे, ह आणि अंकांच्याही नंतर पडलं. कोडक्रमाच्या यादीत ‘ॲप’ सगळ्यात शेवटी दिसतं ते यामुळे. शिवाय ॲ टंकण्याच्या तीन तऱ्हा चालतात: स्वतंत्र ॲ, अ वर चंद्र देऊन केलेला, आणि हिंदी पद्धतीचा ऍ. पडद्यावर पहिले दोन सारखेच दिसतात. यंत्राला ते वेगळे.

असाच जुळ्यांचा प्रकार गोऱ्हे, कऱ्हाडे यांमधल्या ऱ् चा. कोणी तो ऱ या स्वतंत्र अक्षरानं टंकतं, तर कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतं. त्यामुळे एकाच आडनावाचे दोन गठ्ठे पडू शकतात आणि बघणाऱ्याला वाटतं यादी लावलेलीच नाही.

आपलं यंत्र कसं लावतं ते तपासा

काही साधनं नुसत्या कोडक्रमाने लावतात, काही भाषेचे नियम पाळतात, काही अर्धवट पाळतात. जाहिरातीवर जाऊ नका. ही बारा नावं एका रिकाम्या पानावर उलटसुलट टाका आणि सॉर्ट करून बघा:

अंबिका, अकोला, ऋतू, ॲप, एकादशी, त्र्यंबक, श्रीधर, सावंत, साळवी, हर्डीकर, क्षीरसागर, ज्ञानेश्वर.

वर दिलेला क्रम वर ठरवलेल्या नियमांनुसार बरोबर आहे. (ॲ मी ए च्या लगेच आधी धरतो, कारण तक्त्यात ॅ ही मात्रा े च्या आधीच आहे आणि ऑ सुद्धा ओ च्या आधी.) यंत्र नुसत्या कोडक्रमाने चालत असेल तर उत्तर येईल: अंबिका, अकोला, ऋतू, एकादशी, क्षीरसागर, ज्ञानेश्वर, त्र्यंबक, श्रीधर, साळवी, सावंत, हर्डीकर, ॲप. या दोन्हींपेक्षा तिसरंच काही आलं तर कोणतं नाव हललं ते बघा, म्हणजे कुठल्या अक्षराशी त्याचं वाकडं आहे ते कळतं. लिबरऑफिस कॅल्कमध्ये सॉर्टच्या पर्यायांत भाषा निवडता येते. तिथे मराठी निवडून हीच चाचणी पुन्हा करावी.

क्रमासाठी वेगळा स्तंभ

चाचणीत यंत्र नापास झालं तरी घाबरायचं कारण नाही. नावाच्या स्तंभाची एक प्रत शेजारच्या स्तंभात घ्या आणि त्याला ‘क्रमनाव’ म्हणा. हा स्तंभ छापायचा नाही, फक्त लावण्यापुरता. मूळ नावाला हात लावायचा नाही. आता फक्त हा स्तंभ निवडून ‘शोधा आणि बदला’ची सुविधा वापरा.

आधी साफसफाई. उपाध्या काढा, दुहेरी मोकळ्या जागा एकेरी करा. अदृश्य जोडचिन्ह असलेला एक र् कॉपी करून ‘शोधा’च्या चौकटीत चिकटवा आणि ‘बदला’मध्ये साधा र् लिहा. मग ऱ च्या जागी र. दोन्ही तऱ्हेचे ॲ, अॅ बदलून ऍ करा. ऍ तक्त्यात ए च्या आधी असल्यामुळे क्रम बरोबर लागतो.

त्यानंतर मुख्य युक्ती. ळ च्या जागी ‘ह्ह’ टाका, क्ष च्या जागी ‘ह्ह्ह’, ज्ञ च्या जागी ‘ह्ह्ह्ह’.

दिसायला हे विचित्र आहे, पण त्यामागचा हिशेब साधा आहे. ह हे तक्त्यातलं शेवटचं व्यंजन. ह ची बाराखडी संपली की ह्न, ह्म, ह्य, ह्र, ह्व ही जोडाक्षरं येतात आणि ‘ह्ह’ त्या सगळ्यांच्याही नंतर. मराठी नावांत ‘ह्ह’ असं जोडाक्षर सापडत नाही, त्यामुळे ही जागा मोकळीच पडलेली असते. साळवी झाले ‘साह्हवी’, म्हणजे सावंत, सासणे, ‘साह’ने सुरू होणारी सगळी नावं ओलांडून ते मागे गेले. क्षीरसागर झाले ‘ह्ह्हीरसागर’, म्हणजे हर्डीकर आणि ह्रस्वच्याही पलीकडे. ज्ञानेश्वर त्याच्याही नंतर. गोळ्यासारख्या शब्दात ळ ला जोडाक्षर असलं तरी ‘ह्ह्य’ हा ‘ह्ह्ह’च्या आधीच राहतो, म्हणून क्ष शी टक्कर होत नाही.

आता सगळा तक्ता निवडून ‘क्रमनाव’ या स्तंभावर सॉर्ट करा. बारा नावांची चाचणी याच पद्धतीने आधी करून बघा. ती जुळली की मोठी यादी घ्या. दोन पातळ्यांवर लावायची असेल, उदाहरणार्थ आधी इमारत आणि मग आडनाव, तर सॉर्टच्या खिडकीत दोन पातळ्या द्याव्यात. इमारतीच्या नावांतही ळ असतोच, तेव्हा त्यांचंही क्रमनाव करा.

आकडे असतील तर वेगळी काळजी. सदनिका क्रमांक मजकूर म्हणून भरले असतील तर १, १०, ११, २ असा क्रम लागतो. ०१, ०२ असं शून्य लावून सगळे सारख्या लांबीचे करा. तारखा मजकुरात असतील तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा.

हाताने लावायची असेल तर

वाचनालयात कार्डं असतात, सभेला चिठ्ठ्या येतात. अशा वेळी एकेक कार्ड उचलून ‘योग्य जागी’ खोचत बसू नका, शंभराच्या पुढे हा प्रकार जीव खातो. मोठ्या टेबलावर सात गठ्ठे करा: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि य पासून ज्ञ पर्यंत. मग एकेक गठ्ठा उचलून त्याचे अक्षरनिहाय गठ्ठे पाडा आणि नंतर दुसऱ्या अक्षराने. क, प, म, स यांचे गठ्ठे फुगतात, त्यांना आणखी एक फेरी लागते. गठ्ठा दहा-पंधरा कार्डांवर आला की हातातल्या हातात लावता येतो. दोघं असाल तर एकानं मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं टाकावं. रफाराच्या चुका कानाला लगेच कळतात.

छापण्याआधी

पूर्ण यादी वाचायला वेळ नसेल तर पहिलं पान, शेवटचं पान आणि ळ असलेली आडनावं एवढं तरी बघाच. पहिल्या पानावर मोकळ्या जागेने वर चढलेली नावं सापडतात, शेवटच्या पानावर चुकलेले ॲ. मग लागोपाठची सारखी आडनावं बघा. कुठे गठ्ठा मधेच तुटला असेल तर लेखनात काहीतरी फरक आहे. यादीच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक ओळ छापा: ‘अनुस्वार आधी, ळ, क्ष, ज्ञ शेवटी, उपाध्या धरलेल्या नाहीत.’ एवढ्यानं वाचणाऱ्याचे निम्मे फोन वाचतात.

‘क्रमनाव’चा स्तंभ पुसू नका, लपवून ठेवा. नवा सभासद आला की त्याची ओळ खाली टाकायची, क्रमनाव भरायचं आणि पुन्हा सॉर्ट करायचं. मधेच ओळ घुसवून हाताने जागा शोधायला गेलात, तर दुसऱ्या वर्षी कोणीतरी सगळी यादी नुसत्या नावावर सॉर्ट करतं आणि साळवी पुन्हा सावंतांच्या डोक्यावर जाऊन बसतात.